टॅरँट्युलाच्या टाकीत दिवा नेमका कोणासाठी?

टॅरँट्युला म्हणजे मोठा केसाळ कोळी. तो पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टाकीत दिवा नसेल तर कोळ्याची वाढ खुंटते, त्याला सरड्यासारखा यूव्हीबी (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) लागतो, ऊब दिव्यानेच द्यावी, रात्री लाल बल्ब लावावा कारण तो त्याला दिसतच नाही, आणि अंधारात ठेवलं तर रंग फिके पडतात.

यूव्हीबीचा मुद्दा सरड्यांकडून उचललेला आहे. दिवसा उन्हात बसणाऱ्या सरड्यांच्या कातडीत या किरणांमुळे ‘ड३’ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्यामुळे कॅल्शियम शरीरात शोषलं जाऊन हाडं मजबूत राहतात. कोळ्याला हाडंच नाहीत! त्याचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं. शिवाय बहुतेक टॅरँट्युला दिवस बिळात, सालीखाली किंवा जाळ्याच्या नळीत काढतात आणि अंधार पडल्यावर दाराशी येतात. ऊन टाळून जगणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावर कृत्रिम ऊन टांगण्यात काय अर्थ आहे?

वाढीचं म्हणाल तर ती ठरते खाण्यावर आणि तापमानावर.

ऊब दिव्याने देण्याचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. वरून तापणारा बल्ब टाकीतली हवा आणि माती दोन्ही कोरडी करतो. टॅरँट्युलाच्या पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारख्या रचनेची चार फुप्फुसं असतात आणि तिथून ओलावा सतत बाहेर पडत असतो. पायाचे काही सांधे सरळ करायला त्याच्याकडे स्नायू नाहीत, ते काम शरीरातल्या द्रवाच्या दाबावर चालतं. पाणी कमी पडलं की पोट सुरकुततं आणि पाय अंगाखाली आखडू लागतात. त्यात कात टाकायची वेळ आली असेल तर जुन्या कवचातून पाय सुटत नाहीत, आणि तिथे प्रकरण जिवावर बेततं. ‘मग ऊब देणारा पॅड खाली ठेवतो’ म्हणणाऱ्यांसाठी: उकडलं की खाली खणत जायचं, एवढंच कोळ्याला माहीत असतं. पॅड तळाशी असेल तर तो सुटकेसाठी खणत थेट तव्यावर पोचतो. खोली साधारण २० ते २७ अंश सेल्सिअस असेल तर बहुतेक जातींना वेगळी ऊब लागत नाही. त्याहून थंडी असेल तर खोलीच उबदार करावी, किंवा थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र) लावलेला पॅड टाकीच्या बाजूला बसवावा.

लाल बल्बाच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. टॅरँट्युलाचे डोळे हिरव्या आणि अतिनील प्रकाशाला जास्त दाद देतात, लाल रंगाला कमी. पण ‘कमी’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टॅरँट्युलांमध्ये प्रकाश टिपणारी ऑप्सिन प्रथिनं अपेक्षेपेक्षा बरीच वैविध्यपूर्ण आढळली. ‘कोळी रंगांधळाच’ हे गृहीत त्यामुळे डळमळीत झालंय. आणि बाजारातला लाल बल्ब बहुधा उष्णतेचाच असतो. लाल प्रकाश दिसो न दिसो, चटका बसायचा तो बसतोच. रात्री निरीक्षण करायचं तर मंद लाल टॉर्च दोन-चार मिनिटं पुरते.

रंगांबद्दल तर हद्दच आहे. टॅरँट्युलाचा निळा रंग केसांवरच्या अतिसूक्ष्म रचनेतून येतो. २०१५ च्या एका संशोधनानुसार हा निळा या कुळात किमान आठ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला आहे. असे रंग दिव्याने चढत नाहीत की उतरत नाहीत. कोळी मळकट दिसू लागतो तो सहसा कात टाकायच्या आधी, आणि कात टाकली की झळाळून निघतो. मधल्या काळात कोणी दिवा लावलेला असला की श्रेय आयतंच दिव्याला मिळतं.

दिवसरात्र कळायला खोलीतला नेहमीचा उजेड पुरेसा आहे, मात्र काचेवर थेट ऊन येऊ देऊ नये, टाकी बघता बघता भट्टीसारखी तापते. दिव्याला एकच रास्त कारण दिसतं: टाकीत जिवंत रोपं लावली असतील तर. त्यासाठी कमी तापणारा एलईडी टाकीच्या बाहेर, टायमरवर लावा, आणि निम्मी टाकी सावलीत राहील असं बघा. दिवा असेपर्यंत कोळी बाहेर येणार नाही, हे मात्र धरून चाला.