अ‍ॅनिमे पाहणारा नुसता बसून राहतो, या दाव्याचा प्रतिवाद

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका आणि चित्रपट, यांविषयीचा एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: अ‍ॅनिमे पाहणारा माणूस पडद्यासमोर बसून राहतो आणि प्रत्यक्ष काही करत नाही, त्यातून एखादा छंद लागलाच, तर तो चार दिवसांचा असतो, हे सारे मुळात लहान मुलांसाठी असते, ‘मैत्री आणि मेहनत असली की विजय ठरलेलाच’ अशी भाबडी जीवनदृष्टी त्यातून तयार होते, आणि जपानमध्ये लाखो माणसे घरात कोंडून घेऊन बसली आहेत, त्याचे कारणही हेच. एवढे सगळे ठामपणे सांगणाऱ्या या मजकुरात एकाही मालिकेचे नाव नाही.

सर्वांत गंभीर आरोप शेवटचा आहे, म्हणून तो आधी घेऊ. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ समाजापासून तुटून घरातच राहणाऱ्या व्यक्तींना जपानमध्ये ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्या १९९८ मधील पुस्तकानंतर ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार केवळ ४० ते ६४ या वयोगटातच अशा व्यक्तींची संख्या सुमारे ६ लाख १३ हजार असल्याचा अंदाज होता. या अवस्थेची सुरुवात कशामुळे झाली, या प्रश्नाला सर्वाधिक आलेले उत्तर होते नोकरी सुटणे. माणसांशी बिघडलेले संबंध आणि आजारपण ही कारणे त्याखालोखाल होती. घरात बसलेला माणूस वेळ घालवण्यासाठी अ‍ॅनिमे पाहत असेलही, परंतु तेवढ्यावरून त्याला घरात बसवण्याचे खापर अ‍ॅनिमेवर फोडता येत नाही.

आता निष्क्रियतेचा मुद्दा. इथे मजकुराच्या लेखकाने अ‍ॅनिमेची एक संपूर्ण परंपराच नजरेआड केली आहे. खेळ आणि छंद यांभोवती रचलेल्या मालिकांची ही परंपरा असून कृतीचा तपशील हा तिचा कणा आहे. २०११ मध्ये सुरू झालेली ‘चिहायाफुरु’ ही मालिका स्पर्धात्मक कारुता या पत्त्यांच्या खेळावर आहे. शंभर कवींच्या प्रत्येकी एका कवितेचा जुना संग्रह हा या खेळाचा आधार. कवितांचा उत्तरार्ध छापलेल्या शंभर पत्त्यांपैकी पन्नास पत्ते दोन खेळाडूंसमोर प्रत्येकी पंचवीस असे मांडले जातात, त्यांच्या जागा पाठ करण्यासाठी पंधरा मिनिटे मिळतात, आणि मग वाचक कविता म्हणू लागला की ती ओळखून तिचा पत्ता प्रतिस्पर्ध्याच्या आधी टिपायचा असतो. मात्र कविता शंभरांतली कोणतीही म्हटली जाऊ शकते, म्हणजे निम्म्या कवितांचा पत्ता समोर नसतोच, आणि नुसती चपळाई तिथे अंगाशी येते. सात कविता पहिल्याच अक्षराला ओळखता येतात. काहींसाठी मात्र सहाव्या अक्षरापर्यंत हात आवरून धरावा लागतो. मालिका हे सारे इतक्या सावकाश आणि बारकाईने दाखवते की पाहणाऱ्याच्या मनात खेळाचे गणित आपोआप बसते. त्यानंतर ओत्सु शहरातील ओमि मंदिरात भरणाऱ्या शालेय राष्ट्रीय स्पर्धेकडे वळणाऱ्या मुलांची संख्या वाढली. ज्या खेळाला आधी पाठांतर लागते आणि मग गुडघे टेकून तासन्‌तास सराव लागतो, त्या खेळाकडे वळलेल्यांना बसून राहणारे म्हणणे जरा विचित्र आहे.

‘हिकारू नो गो’ ही २००१ ते २००३ या काळातील मालिका तर याहून थेट होती. एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेषांच्या पटावर खेळल्या जाणाऱ्या ‘गो’ या खेळाला त्या काळी जपानमध्ये वयस्करांचा विरंगुळा समजले जाई. मालिकेचा भाग संपला की युकारी उमेझावा ही व्यावसायिक खेळाडू मुलांना खेळाचे धडे देत असे. म्हणजे गोष्ट संपताच पट मांडून बसण्याचे निमंत्रण पडद्यावरूनच मिळे, आणि त्या काळात जपानमधील मुलांत या खेळाची लाटही आली. फुटबॉलचे उदाहरण अधिक परिचित आहे. २०१० मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनच्या संघातील फर्नांदो तोरेस याने आपण लहानपणी ‘कॅप्टन त्सुबासा’ पाहून फुटबॉलकडे वळल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. या उदाहरणावर मी फार भार देणार नाही, कारण ती मालिका पाहून चेंडू हाती घेतलेली आणि कुठेच न पोहोचलेली मुले कितीतरी असणार. मात्र दावा ‘कोणी काही करतच नाही’ असा आहे, आणि तो खोडायला न पोहोचलेली ती मुलेही पुरेशी आहेत. चेंडू त्यांनीही हाती घेतलाच होता.

निष्क्रियतेच्या दाव्याला सर्वांत मोठा तडा मात्र अ‍ॅनिमेच्या एका दुष्परिणामाने जातो, ही यातली गंमत आहे. १९७७ मध्ये जपानच्या दूरचित्रवाणीवर ‘अरायगुमा रास्कल’ ही मालिका आली. एक मुलगा रॅकूनचे पिल्लू पाळतो, ते मोठे होऊन आवरेनासे होते आणि शेवटी तो त्याला रानात सोडून देतो, अशी तिची कथा. ती पाहून जपानी कुटुंबांनी उत्तर अमेरिकेतून आणलेले रॅकून हौसेने पाळायला घेतले. वाढलेले रॅकून चावरे आणि नासधूस करणारे निघाले, तेव्हा अनेकांनी कथेतल्या मुलाप्रमाणेच त्यांना मोकळे सोडले, आणि आज हा प्राणी पिकांचे आणि जुन्या मंदिरांच्या लाकूडकामाचे नुकसान करत जपानभर पसरला आहे. परक्या आक्रमक प्रजातींविषयीचा कायदा २००५ मध्ये लागू झाला, तेव्हा त्याच्या यादीत रॅकून होताच. या प्रेक्षकांवर अविचाराचा आरोप जरूर करावा. निष्क्रियतेचा करता येणार नाही. शिवाय पिल्लू पाळणे कसे अंगलट येते, हे मालिकेने दाखवलेलेच होते. लोकांनी त्यातले पिल्लू उचलले आणि इशारा तिथेच ठेवला. पडद्यावरून दृष्टी जशीच्या तशी मनात उतरते, असे मानणाऱ्यांनी, मग ते अ‍ॅनिमेचे विरोधक असोत की भक्त, या घटनेचा जरूर विचार करावा.

छंद टिकत नाहीत, हा पुढचा आक्षेप. खरे आहे, बहुतेकांचे टिकत नाहीत. पण शाळेने लावलेले, मित्राने लावलेले, थोरांची चरित्रे वाचून लागलेले छंद तरी कुठे सरसकट टिकतात? तुलना न करता एकट्या अ‍ॅनिमेला नापास करण्यात अर्थ नाही. टिकण्याचा संबंध मालिकेपेक्षा नंतर काय मिळते याच्याशी अधिक आहे: शिकवणारे कोणी आहे का, सोबत खेळणारे आहेत का, साधने परवडतात का. बास्केटबॉलवरच्या ‘स्लॅम डंक’ या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, प्रकाशन १९९६ मध्ये थांबले. त्यानंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये, तिचे निर्माते ताकेहिको इनोउए आणि प्रकाशनसंस्था यांनी जपानी तरुण खेळाडूंना अमेरिकेत शिकायला आणि खेळायला पाठवणारी शिष्यवृत्ती सुरू केली. १९८८ च्या ‘तोतोरो’ या अ‍ॅनिमे चित्रपटाशी जोडल्या गेलेल्या, टोकियोजवळच्या सायामा टेकड्यांवर नागरिकांच्या देणग्यांतून जंगलाचा पहिला तुकडा १९९१ मध्ये विकत घेतला गेला आणि अशा तुकड्यांची संख्या पुढे पन्नासच्या वर गेली. चार दिवसांच्या हौसेतून तीस वर्षे जमीनखरेदी होत नाही.

हे सारे लहान मुलांसाठी असते, या विधानावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. जपानमध्ये मुले, किशोर, तरुण, प्रौढ स्त्रिया असे वेगवेगळे वाचकवर्ग धरून मांगा नियतकालिके निघतात आणि अनेक अ‍ॅनिमे त्यांतूनच जन्माला येतात.

राहिला जीवनदृष्टीचा मुद्दा. मेहनत करणारा नेहमी जिंकतो, असे अ‍ॅनिमे शिकवते, हे निदान नामवंत क्रीडामालिकांच्या बाबतीत खरे नाही. व्हॉलीबॉलवरच्या ‘हायक्यू’च्या २०१४ मधील पहिल्या पर्वाच्या अखेरीस नायकांचा संघ हरतो. ‘स्लॅम डंक’च्या मूळ मांगात सर्वांत बलाढ्य संघाला हरवल्यानंतर नायकांचा संघ पुढच्याच सामन्यात गारद होतो. या कथांचा भर हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सरावाला परत येण्यावर असतो.

तरीही अ‍ॅनिमे वास्तवाची चुकीची कल्पना देते, ही तक्रार मी पूर्णपणे फेटाळत नाही. काही चुका किरकोळ असतात: पडद्यावरची मुले शाळेच्या गच्चीवर डबा खातात, प्रत्यक्षात जपानी शाळांच्या गच्च्या बहुधा कुलूपबंद असतात. गंभीर चूक सरावाच्या चित्रणात आहे. कोसळेपर्यंत सराव करणे, दुखापत लपवून मैदानात उतरणे, सुट्टी न घेणे या गोष्टी अनेक मालिकांत शौर्य म्हणून येतात, आणि नव्याने खेळाकडे वळलेल्या मुलाच्या मनात हे चित्र सहज घर करू शकते. जपानच्या क्रीडा विभागाला मात्र २०१८ मध्ये शालेय क्रीडापथकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढून सांगावे लागले की आठवड्यातून किमान दोन दिवस विश्रांती द्यावी आणि सराव शाळेच्या दिवशी सुमारे दोन तास, सुट्टीच्या दिवशी सुमारे तीन तास एवढाच ठेवावा. अ‍ॅनिमेच्या जीवनदृष्टीवर आक्षेप घ्यायचा असेल, तर तो इथे घेता येतो. त्यासाठी मात्र मालिका पाहाव्या लागतील, आणि पाहणारा बसून राहतो हा आरोप मागे घ्यावा लागेल, कारण या आक्षेपाचा विषयच प्रमाणाबाहेर धावणारी मुले हा आहे.