ती कुऱ्हाड दारात कशी रुतली, हे मला सांगू नका

गेल्या रविवारी भाची घरी आली होती. सेकंड इयरला आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहते, आणि सिनेमाचं वेड तिला माझ्याकडूनच लागलंय. जेवणं झाल्यावर म्हणाली, "मामा, तुझा तो जुना 'द थिंग' बघू या का?" मला किती आनंद झाला म्हणून सांगू! परग्रहावरून आलेल्या प्राण्याचा, जॉन कार्पेंटरचा १९८२ सालचा हा भयपट कुणाला तरी पहिल्यांदा दाखवायचा, याच्यासारखं सुख नाही. घरातले दिवे घालवले, आवाज वाढवला आणि बसलो.

अंटार्क्टिकावरच्या अमेरिकन तळावरून नायक मॅक्रेडी आणि तिथला डॉक्टर हेलिकॉप्टरने नॉर्वेच्या तळावर जातात, तो प्रसंग आला. तळ जळून गेलाय. आत बर्फ साचलंय, वारा घोंगावतोय. दारात एक कुऱ्हाड रुतलेली, तिच्यावर रक्त. पुढच्या खोलीत खुर्चीत बसल्या जागी गोठलेला माणूस, मनगटं कापलेली. मग बर्फाचा एक भलामोठा ठोकळा, आतून पोकळ. कुणी काही समजावून सांगत नाही. मी पहिल्यांदा कॉलेजात असताना मित्राच्या घरी, घासून घासून गेलेल्या व्हिडिओ कॅसेटवर हे पाहिलं, तेव्हा त्या कुऱ्हाडीपाशी पोटात गोळा आला होता. इथे काय झालं असेल, हा एकच प्रश्न.

आणि माझ्या शेजारी बसलेली भाची शांतपणे सांगायला लागली. "ही कुऱ्हाड ना, त्या हातासारख्या प्राण्याला मारताना रुतली. हा खुर्चीतला म्हणजे रेडिओवाला. आणि आता बाहेर ते दोन चेहऱ्यांचं जळकं धूड दिसेल बघ, तो एडवर्ड आणि ॲडम."

तिने २०११ सालचा 'द थिंग' आधी पाहिला होता. नॉर्वेच्या तळावर त्याआधी काय घडलं, त्याची ती गोष्ट. क्रमाने तोच आधी येतो, म्हणून तिने तोच आधी बघितला. त्यात तिचं काहीच चुकलं नाही. पण त्या पाच मिनिटांतली भीती तिच्यासाठी कायमची गेली होती, आणि ती परत आणून देणं माझ्या हातात नव्हतं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. दोन दिवस तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून हे लिहायला बसलो.

मी रिमेकच्या विरोधात नाही, हे आधी सांगतो. "जुन्याला हात लावू नका" असं म्हणणाऱ्यांना मी उलट हाच सिनेमा दाखवतो, कारण कार्पेंटरचा 'द थिंग' हाच मुळात रिमेक आहे. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची दीर्घकथा १९३८ ची. तिच्यावरून १९५१ मध्ये हॉवर्ड हॉक्सने निर्मिती केलेला पहिला सिनेमा आला, दिग्दर्शक म्हणून नाव ख्रिश्चन नायबी यांचं. आणि कार्पेंटर त्या सिनेमाचा निस्सीम भक्त होता. इतका, की त्याच्याच १९७८ च्या 'हॅलोवीन'मध्ये मुलं टीव्हीवर हाच १९५१ चा सिनेमा बघत बसलेली आहेत. म्हणजे रिमेक करायला बसलेला माणूस स्वतःच फॅन होता.

मग त्या फॅनने काय केलं? हॉक्सच्या सिनेमातला प्राणी वनस्पतीच्या जातीचा, उंच, माणसासारखा. तो दाराबाहेर उभा आहे आणि सगळे एकजुटीने त्याच्याशी लढतात. कार्पेंटरने तो बाजूला ठेवला आणि सरळ कॅम्पबेलच्या कथेकडे परत गेला. त्या कथेतला प्राणी कुणाचंही रूप घेतो. त्यामुळे भीती दाराबाहेरून उठून खोलीत आली, शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. आवडत्या सिनेमातला एकही प्रसंग जसाच्या तसा गिरवण्यापेक्षा, आपल्याला त्या गोष्टीत नेमकं काय छळतंय ते त्याने शोधलं.

कोण माणूस आणि कोण प्राणी हे ओळखायला केलेल्या रक्ताच्या परीक्षेचा प्रसंग आठवा. माणसं दोरीने बांधलेली. प्रत्येकाच्या अंगठ्यातून काढलेलं रक्त काचेच्या बशीत, बशीवर नाव. मॅक्रेडी तार तापवतो आणि रक्तात बुडवतो. चर्र. काही नाही. पुढची बशी. चर्र. काही नाही. मग तळाचा प्रमुख गॅरी वैतागून म्हणतो की याने काही सिद्ध होत नाही. मॅक्रेडीला संशय त्याचाच आहे, म्हणून त्याची पाळी तो शेवटी ठेवतो. आपलं लक्ष गॅरीकडे लागलेलं, आणि तेवढ्यात भलत्याच बशीतलं रक्त किंचाळून उडतं. भाची सोफ्यावरून अक्षरशः उठली. हा प्रसंग तिला कुणी आधी सांगितलेला नव्हता.

त्या अक्राळविक्राळ देहांसाठी रॉब बॉटिन नावाचा बाविशीतला पोरगा वर्षभर राबला. रबर, जेली, मेयोनीज, मिळेल ते वापरलं त्याने. काम संपेपर्यंत इतका थकला की दवाखान्यात भरती व्हावं लागलं. आणि एवढं करून सिनेमा पडला! २५ जून १९८२ ला तो लागला. दोनच आठवड्यांपूर्वी स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला होता आणि सगळी अमेरिका त्या गोड परग्रहवासीयाच्या प्रेमात होती. समीक्षकांनी झोडपला, जुन्या सिनेमाच्या चाहत्यांनी नाकं मुरडली. आज ज्याला आपण डोक्यावर घेतो, त्याला त्या वेळच्या फॅन मंडळींनी दारातही उभं केलं नव्हतं. नव्या सिनेमावर पहिल्याच शुक्रवारी रात्री निकाल देणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

(जाता जाता एक. सिनेमाची गोष्ट घडते ती १९८२ च्या हिवाळ्यात. त्याच वर्षी ९ जानेवारीला भारताची पहिली मोहीम अंटार्क्टिकावर उतरली, गोव्याहून निघालेली, आणि तीही नॉर्वेच्या जहाजातून. हा योगायोग मला फार आवडतो. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावर आजही हिवाळ्याआधीचं शेवटचं विमान गेलं की मागे राहिलेले लोक एकत्र बसून 'द थिंग' बघतात.)

आता २०११ चा. तो करणारी माणसंही फॅनच होती आणि त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. नॉर्वेचा तळ त्यांनी जुन्या सिनेमाच्या चौकटी समोर ठेवून हुबेहूब उभा केला. कुऱ्हाड, खुर्चीतला माणूस, दोन चेहरे, शेवटी बर्फात पळणारा कुत्रा आणि त्याच्यामागचं हेलिकॉप्टर, सगळं जागच्या जागी. पण मग प्रेमाचा हिशेब झाला. अमुक वस्तू जुन्या सिनेमात आहे ना, मग तिचं कारण दाखवा आणि पुढच्या वस्तूकडे चला. नवं सुचलेलं त्यात थोडं आहे, आणि ते चांगलं आहे. हा प्राणी धातूची नक्कल करू शकत नाही, म्हणून दातात भरलेली चांदी बघून माणूस ओळखायचा. वा! यावरच सिनेमा उभा करायला हवा होता. पण लगेच पुढची ठरलेली खूण गाठायची घाई.

आणि एक गोष्ट जिव्हारी लागणारी. त्या सिनेमासाठी कारागिरांनी खरेखुरे, हाताने आणि यंत्रांनी हलणारे प्राणी बनवले होते, सेटवर त्यांचं चित्रीकरणही झालं होतं. नंतर त्यांतल्या बहुतेकांवर कॉम्प्युटर ग्राफिक्स चढवलं गेलं. त्याच कारागिरांनी पुढे इंटरनेटवर लोकांकडून पैसे गोळा करून २०१५ मध्ये 'हार्बिंजर डाउन' नावाचा स्वतःचा सिनेमा काढला, त्यात हाताचं काम ठेवलं. फॅन लोकांनी खिशातून पैसे दिले त्याला. फॅन असण्याचा मला माहीत असलेला हा सगळ्यात चांगला उपयोग.

पण एरवी आपण काय करतो? सिक्वेलची घोषणा झाली की याद्या काढतो. हे पात्र यायला हवं, तो संवाद हवा, त्या प्रश्नाचं उत्तर हवं. स्टुडिओवाले ऐकतात. आपण मागितलेलंच आपल्याला देतात, आणि ते बघून आपण म्हणतो की मजा नाही आली.

माझे आजोबा कीर्तनाला जायचे, मीही त्यांच्याबरोबर मांडी घालून बसलोय. आख्यान सगळ्यांना पाठ. सुदामा पोहे घेऊन जाणार हे कुणाला माहीत नाही? तरी देऊळ भरायचं, कारण या बुवांना त्यात काय दिसलंय ते ऐकायचं असायचं.

'द थिंग' लागला त्याच दिवशी, २५ जून १९८२ लाच, 'ब्लेड रनर'ही लागला होता. तोही पडला. त्याचा सिक्वेल आला ३५ वर्षांनी, डेनी व्हिलनव्हचा 'ब्लेड रनर २०४९'. कृत्रिम माणसांची शिकार करणारा त्याचा नायक डेकार्ड स्वतः माणूस की कृत्रिम, यावर इतकी वर्षं वाद घालणारे आपण सगळे उत्तराची वाट बघत होतो. व्हिलनव्हने ते दिलं नाही. दाराला हातच लावला नाही.

त्यातला एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. म्हाताऱ्या डेकार्डसमोर त्याची मेलेली प्रेयसी रेचल पुन्हा बनवून आणतात. तेच केस, तोच पोशाख, तेच वय. कॉम्प्युटरवर घडवलेला तो चेहरा आपल्यालाही क्षणभर चकवतो. आपण १९८२ पासून जे मागत आलो, ते अगदी हवं तसं आपल्यापुढे उभं केलंय. डेकार्ड झालेल्या हॅरिसन फोर्डचा चेहरा आधी हलतो, मग मिटतो. तिचे डोळे हिरवे होते, एवढंच म्हणून तो पाठ फिरवतो. त्याला ती परत हवी होती आणि तरीही ही नको होती. थिएटरात माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हाही सिनेमा तिकीटबारीवर अपेक्षेएवढा चालला नाही. त्याचे छायालेखक रॉजर डीकिन्स यांना मात्र तेरा वेळा हुलकावणी दिलेलं ऑस्कर याच सिनेमाने मिळवून दिलं.

तर, रविवारी 'द थिंग' संपला. जळणाऱ्या तळासमोर मॅक्रेडी आणि त्याचा सहकारी चाइल्ड्स बसलेत, बाटली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, आणि दोघांतला कोण माणूस आहे ते कळत नाही. भाचीने विचारलं, "मग कोण?" म्हटलं, माहीत नाही. "म्हणजे पुढचा भाग?" म्हटलं, नाही आला. ती बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलला गेली.

मंगळवारी रात्री दीड वाजता तिचा मेसेज आला: "मामा, मॅक्रेडीच्या तोंडातून वाफ येतेय, चाइल्ड्सच्या येत नाहीये. परत बघ."

मी उठलो, अंधारातच टीव्ही लावला आणि शेवटची तीन मिनिटं तीनदा बघितली. चाइल्ड्स मान वळवतो तेव्हा मला वाफ पुसटशी दिसली. तसं तिला कळवलं.

"तो उजेडाचा भास आहे," तिचं लगेच उत्तर. "आणि बाटलीत दारूच आहे कशावरून?"