त्रेचाळीस ओळींची फाइल

‘नंतर वाचू’ म्हणत मी पाच वर्षं एका अ‍ॅपमध्ये लेख साठवत होते. आठशेच्या वर झाले होते. मग मेल आला: सेवा बंद होतेय, अमुक तारखेच्या आत तुमचा डेटा उतरवून घ्या. मी जागी झाले मुदतीच्या आदल्या रात्री. हाती लागली ती नुसती लिंकांची यादी, लेख नाहीत. रात्री दीडपर्यंत एकेक उघडत बसले. कितीतरी पानं जागेवर नव्हतीच. दोन म्हाताऱ्या बहिणींवरचा एक लेख आईला वाचून दाखवायचा म्हणून ठेवला होता, तोही गेला होता. फार चुटपुट लागली.

विकत घेतलेल्याचीही खात्री नसते. २००९ मध्ये अमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलवरून, म्हणजे ई-बुक वाचायच्या यंत्रावरून, परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत केले. पण एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर अभ्यासाच्या नोंदी केल्या होत्या, त्या निरुपयोगी झाल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकांचं दुकान बंद केलं, तेव्हाही पैसे परत आले आणि पुस्तकं उघडेनाशी झाली.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. आवडलेला लेख तिथल्या तिथे पीडीएफ करून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवते, नावात लेखक आणि तारीख घालून. यात सांगण्यासारखं एवढंच.

दुसरी मात्र सविस्तर सांगते, कारण तिने माझी सकाळ बदलली. आरएसएस. १९९९ पासून असलेली साधी सोय: साइटवर नवीन काही आलं की तुमच्या रीडरमध्ये, म्हणजे हे सगळं एकत्र दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, येतं, ज्या क्रमाने लिहिलं गेलं त्याच क्रमाने. कोणी मध्ये बसून तुमच्यासाठी निवडत नाही. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला तेव्हा पुष्कळांना वाटलं, आरएसएस संपलं. अजिबात नाही. पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात, आणि बहुतेक ब्लॉग फीड, म्हणजे रीडरला जोडायचा हा पत्ता, देतात. मुख्य म्हणजे तुमची यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये उतरवून घेता येते. माझी फाइल परवा साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. त्रेचाळीस ओळी. जवळजवळ प्रत्येक ओळीत मी स्वतः निवडलेल्या एका माणसाचा पत्ता. उद्या हा रीडर बंद पडला, तर ही फाइल दुसऱ्यात टाकायची, झालं.

आणि हे वाचन संपतं! कधी सात लेख, कधी दोन. मग फोन खाली ठेवला जातो. न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये ज्याने घडवलं, त्या एझा रॅस्किननेही पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. इथे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, पण ही पोस्ट तुमच्यापैकी कोणाला दिसेल हे ही साइट ठरवते, माझ्या हातात नाही, आणि ते मला मनापासून खटकतं.

आईचा लेख? लिंक तेवढी शिल्लक होती. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकली; तिथे वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवलेल्या असतात. तिथे सगळंच सापडतं असं नाही, पण या पानाची प्रत निघाली. आधी पीडीएफ केली, मग रविवारी आईला वाचून दाखवली. धाकटी बहीण थोरलीचे केस विंचरते, तिथे आईने हात वर केला आणि म्हणाली, “थांब. हे परत वाच.”