देवाच्या मांडवात राजकारण हवंच

गणपती जवळ आले की घरच्यांच्या ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. कुठल्यातरी मंडळाने देखाव्यात पुढाऱ्यांना चिमटे काढलेले असतात आणि लगेच कोणीतरी म्हणतं, 'देवाच्या मांडवात राजकारण कशाला?' मी अथेन्समध्ये राहतो. इथे राहून माझं मत पक्कं झालंय: ते तिथेच हवं.

अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनिसस या मद्याच्या आणि नाटकाच्या देवाचं प्राचीन नाट्यगृह आहे. पहिल्या रांगेत मधोमध त्याच्या पुजाऱ्याचं संगमरवरी आसन, पाय सिंहाच्या पंजांचे. हे आसन नंतरच्या काळातलं, पण पुजाऱ्याचा पुढे बसायचा मान जुनाच. डायोनिससच्या मोठ्या उत्सवात नाटकांआधी अंकित नगरांची खंडणी रंगस्थळी मांडली जाई, युद्धात बाप गमावलेली मुलं शस्त्रं लेवून सर्वांसमोरून चालत. नाटकांचा खर्च धनिक नागरिकांनी उचलायचा. धर्म, राज्यकारभार आणि गोष्ट सांगणं, सगळं एकाच जागी.

आणि गोष्टी कसल्या? इ. स. पू. ४२४ मध्ये विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसने क्लिऑन या सर्वांत बड्या पुढाऱ्याला धन्याला फसवणारा लबाड गुलाम म्हणून रंगवलं. धन्याचं नाव होतं डेमॉस, म्हणजे जनता. पहिलं बक्षीस मिळालं. लोक पोटभर हसले आणि थोड्याच दिवसांत त्यांनीच क्लिऑनला सेनापती निवडलं. ४०५ मध्ये तर खुद्द डायोनिससच भेदरट दाखवला. भुताला घाबरून तो पुढे बसलेल्या आपल्याच पुजाऱ्याला 'वाचव' म्हणतो! हे सगळं त्याच देवाच्या उत्सवात. पुन्हा पहिलं बक्षीस.

यांची श्रद्धाच पातळ असेल, असं म्हणावं, तर सहा वर्षांनी याच नगराने नगराचे देव मानत नाही या आरोपाखाली सॉक्रेटिसला विष दिलं. त्याची चेष्टा आधी अ‍ॅरिस्टोफेनिसनेच रंगमंचावर केली होती, हे मला आजही बोचतं. हसण्याने माणसं शहाणी होतातच असं नाही. पण देवाची थट्टा केली म्हणून देव बुडाला नाही, एवढं नक्की.

आपला सार्वजनिक गणेशोत्सव तरी कशावर वाढला? मेळ्यांच्या पदांवर, आणि त्यातली कितीतरी पदं इंग्रज सरकारला झोंबत. टिळकांचं नाव घेऊन वर्गणी मागायची आणि गल्लीतल्या खड्ड्यांवरून नगरसेवकाला टोकणारा देखावा मात्र उतरवायला लावायचा, हे मला मुळीच पटत नाही.