दारांइतक्याच खिडक्याही बघा
आयर्लंडमधल्या डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरवर, म्हणजे बागेभोवती जुनी घरं असलेल्या चौकावर, जो लेख आलाय त्यात तिथल्या घरांच्या रंगीत दारांचंच कौतुक जास्त आहे. दारं देखणी आहेतच, पण माझा जीव अडकतो तो खिडक्यांत. समोरच्या फुटपाथवर उभं राहून वर बघा. पहिल्या मजल्यावर, जिथे दिवाणखाना असे, तिथे सगळ्यांत उंच खिडक्या. मग मजल्यागणिक त्या आखूड होत जातात, शेवटच्या तर जवळजवळ चौकोनी. लाल विटांवर नक्षीकाम जवळपास नाहीच, सगळा डौल प्रमाणबद्धतेचा! चौक आखायला सुरुवात झाली १७६२ मध्ये, घरं मात्र वेगवेगळ्या लोकांनी बांधली. म्हणून शेजारच्या दोन घरांतही विटांची छटा, कठड्याची उंची जराशी बदलते. मला हा फरक फार आवडतो. जुन्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या काढून तिथे प्लास्टिकच्या बसवू नयेत, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.