आरतीला उभं राहणं हे ढोंग का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे. श्रद्धा उडालेल्या माणसाने घरच्या आरतीला उभं राहायला हरकत नाही, असं मागच्या लेखात म्हटलं होतं. तुमच्या मते हे ढोंग आहे. शिवाय तुम्ही विचारता, जो देव नाहीच त्याच्यासाठी हळहळ कसली? देव्हारा आवरावा आणि मोकळं व्हावं.

आधी हळहळीबद्दल. श्रद्धा जाते तेव्हा एक मत बदलतं हे खरं, पण त्याबरोबर दिवसाचा साचा मोडतो. रात्री झोपण्यापूर्वी ज्याला सगळं सांगायचं तो उरत नाही. गुरुवारचं भजनी मंडळ सुटलं की तिथली पाच-सात माणसंही सुटतात, आणि बहुतेकांना रडू येतं ते त्यांच्यासाठी. म्हणून भजन सोडलं तरी त्यातल्या एक-दोघांकडे चहाला जाणं चालू ठेवावं. रिकामी झालेली वेळ रिकामीच ठेवली, तर त्या वेळेला हमखास उदास वाटतं.

दुसरी गोष्ट भीतीची. उपास मोडला आणि त्याच आठवड्यात मूल तापाने फणफणलं की बुद्धीला पटलेलं सगळं डळमळतं. अशा वेळी ‘असू दे, एकदा हात जोडून टाकू’ असं केलं की तात्पुरतं बरं वाटतं, पण भीती पक्की होते. हात जोडले म्हणून निभावलं, असं मन धरून बसतं. त्यापेक्षा कॅलेंडरवर चांगल्या-वाईट दोन्ही घटना लिहाव्यात. फक्त वाईट लिहिल्या तर कोपाचाच पुरावा जमतो. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली, तर वाद बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावं किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा.

आता ढोंग. आरतीला उभं राहणं आणि यजमान म्हणून पाटावर बसणं यात मोठा फरक आहे. संकल्पात तुमचं नाव-गोत्र घेऊन तुमच्या वतीने बोललं जातं. तिथे विश्वास नसताना बसणं हे मात्र मीही ढोंगच म्हणेन. नवस आणि भीतीपोटी धरलेले उपास आधी सोडावेत, यजमानपद नाकारावं, आरती-प्रसादाचा निर्णय सावकाश घ्यावा. अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघायला अख्खं इंदूर रात्रभर जागतं. तिथे कोण कोणाची श्रद्धा तपासतो?

बिघडतं ते बहुधा वेळेमुळे. ऐन गणपतीत, भरल्या घरात जाहीर केलं की वडिलांना तो चारचौघांतला अपमान वाटतो. शिवाय चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा आणि लगेच पितृपक्ष, म्हणजे श्राद्धाचा प्रश्न त्याच रागात येऊन पडतो. श्रावणाआधीच एकेकाशी बोलावं. भावाला सांगावं, ‘पिंडदान तू कर, स्वयंपाकाचं आणि पानं वाढायचं मी बघतो.’ बहुतेक घरांत एवढ्यावर निभावतं. आईशी देव आहे की नाही यावर वाद घालू नये. तिची भीती वेगळीच असते, पोरगा घरातून तुटेल ही.

आणि घरच्यांना वेळ लागतोच. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. एवढ्या कर्त्या माणसाच्या घरात पाच वर्षं गेली, तिथे आपण महिन्याभरात सगळ्यांना पटवायला निघतो.

राहिला देव्हारा. तो एकट्याचा नसतो, म्हणून एकट्याने आवरू नये. विशेषतः कुलदेवतेचे टाक. रागाच्या भरात ते नदीत सोडले तर परत आणता येत नाहीत, आणि भावकीत ते भांडण पुढच्या पिढीपर्यंत चालतं. ज्याला पूजा करायची इच्छा आहे अशा भावाकडे किंवा चुलतभावाकडे ते पोचवावेत, सगळ्यांना आधी कळवून.