मार्केटिंगवाले क्षमस्व

पुतण्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मध्यंतरी भावाने एका मुलीचा बायोडाटा पाठवला. मुलगी बी.एस्सी., घर दिग्रसचं, माणसं ओळखीतली. 'अपेक्षा'समोर लिहिलं होतं: 'सरकारी नोकरी किंवा पर्मनंट. घरची शेती असावी. मार्केटिंगवाले क्षमस्व.' पुतण्या ठिबकच्या कंपनीत आहे. दारव्हा, दिग्रस आणि नेर हे तालुके त्याच्याकडे. म्हणजे मार्केटिंगवाला.

भावाला त्याचं काही वाटलं नाही, हे मला जास्त लागलं. म्हणाला, "त्यायचंही खरं हाय. आज हाय, उद्या नाय." वर आमच्या घरच्या ग्रुपवर एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं की पिकवणं हे काम, शिकवणं हे काम, विकणं म्हणजे दुसऱ्याच्या कामावर आपला टक्का. गुरुजींनी मला गणित शिकवलं, त्यांच्याविषयी मनात आदर आहे. पण हे वाक्य मी सोडून देऊ शकत नाही.

मीही मार्केटिंगवालाच आहे. वेस्ट टेक्सासात मिडलंडला तेलविहिरींचं सामान विकणाऱ्या कंपनीत सेल्स मॅनेजर. मड पंप, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवतात तो चिखल (मड) ढकलणारे पंप, त्यांचे लायनर (आतली नळकांडी), पिस्टन, व्हॉल्व्ह, आणि मड गाळणाऱ्या शेकरच्या जाळ्या. दर शुक्रवारी रिग काउंट येतो. विहिरी खोदणाऱ्या किती रिग चालू आणि किती बंद, यावर आमची पुढची तिमाही ठरते. बाकीचा आठवडा गाडीत जातो.

परवा पेकोसच्या पलीकडच्या एका रिगवरून कंपनी मॅनचा, म्हणजे विहिरीच्या मालक कंपनीच्या तिथल्या माणसाचा, फोन आला. पिस्टन टिकत नाहीत, आणखी पाठव. पाठवले असते तर तो खूश, मीही खूश. क्रोमऐवजी झिरकोनियाचे (सिरॅमिकचे) लायनरसुद्धा त्याने घेतले असते, त्यांची किंमत कितीतरी जास्त. मी आग न धरणारा एफआर शर्ट घातला, एच-टू-एस या विषारी वायूचा मॉनिटर खिशाला लावला आणि हायवे २८५ वर वाळूच्या ट्रकांमागून तिथे गेलो. काढलेला पिस्टन हातात घेतला. रबराला चारी बाजूंनी बारीक चरे. लायनरच्या आतून बोट फिरवलं, तर लांबीच्या दिशेने ओरखडे लागले. रबरच खराब असतं, तर त्याचे टवके निघाले असते. हे काम वाळूचं होतं. वर शेकरवर चढलो, तर मागच्या जाळीला कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी फट. मडमधली वाळू गाळली न जाता सरळ पंपात जात होती. त्या दिवशी मी एक जाळी विकली आणि परत आलो.

गुरुजी, यातला टक्का कोणता?

या धंद्यात विकलेली वस्तू विकणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही. व्हॉल्व्हवर तो किती दाबाचा ते कोरलेलं असतं, सोबत नंबर आणि तपासणीचा कागद असतो. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात मॅकोंडो विहीर उसळली, उसळलेल्या विहिरीचं तोंड बंद करणारं यंत्र, ब्लोआउट प्रिव्हेंटर, ती बंद करू शकला नाही आणि ११ माणसं गेली. तो प्रिव्हेंटर बनवून देणाऱ्या कंपनीला पुढच्याच वर्षी तडजोडीत २५ कोटी डॉलर मोजावे लागले. विकलं आणि हात झटकले, असं इथे चालत नाही.

गुरुजींच्या डोळ्यांसमोर काय असेल ते मला माहीत आहे. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, अंगात साधा शर्ट, तोंडाला दुपट्टा. कोणतं औषध कशात मिसळायचं, हे आपल्याकडे बहुतेक जण कृषी केंद्राच्या काउंटरवर विचारतात आणि काउंटरच्या आतला माणूस वावर न बघता बाटल्या काढून ठेवतो. तसल्या विक्रीचा राग मलाही आहे. पण म्हणून विकण्याचं कामच हलकं ठरवायचं? हुशार पोरांना आपण त्या काउंटरपासून दूर ठेवलं, मग तिथे कोण बसणार होतं?

मिडलंडहून उत्तरेला लबककडे निघालो की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस लागतो, आणि कापसातच तेल उपसणारे पंपजॅक मान वरखाली करत असतात. इतक्या वर्षांनीही तिथे माझी गाडी हळू होते. झाड आपल्यापेक्षा ठेंगणं, वेचायला माणूस नाही, सगळं मशीनवर. पण खरा फरक वावरात नाही. लबकला प्लेन्स कॉटन कोऑपरेटिव्ह असोसिएशन आहे. १९५३ पासून चालू, मालकी शेतकऱ्यांची, आणि तिचं कामच कापूस विकण्याचं. आपल्याकडे १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सुटावा, हा हेतू चांगलाच होता. पण तीन दशकं आपण केंद्रावर गाड्या लावल्या, ग्रेडर म्हणेल ती प्रत मान्य केली आणि चेकची वाट पाहिली. विकणं हे आपलं काम नाही, हे तेव्हाच अंगात मुरलं. आजही सीसीआयच्या (केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत, आणि मग बाहेरचा व्यापारी सांगेल तो भाव. कोणी म्हणेल, तिथल्या शेतकऱ्याला सरकारी मदत भरपूर मिळते. मिळते. तरी विकणारी माणसं त्यांनी स्वतः पगारावर ठेवली, ही गोष्ट उरतेच.

आणि पर्मनंटचं म्हणाल, तर २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या, अर्ज दहा लाखांवर. उरलेल्या पोरांनी काय करायचं, हे त्या बायोडाट्यात कुठे लिहिलेलं नसतं. पुण्याच्या अभ्यासिकेत तिशीपर्यंत बसलेला मुलगा चालतो, कारण त्याला अजून काहीतरी लागायचं आहे. रोज मोटरसायकलवर वावरं तुडवणारा मुलगा मात्र चालत नाही.

एवढं तावातावाने लिहितोय, त्याला एक कारण आहे. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाचा वायदे भाव शून्याच्या खाली गेला, पिंपाला उणे ३७.६३ डॉलर. रिग एकामागून एक आडव्या झाल्या. आमच्या यार्डातली कितीतरी माणसं एका फोनवर घरी गेली. माझा व्हिसा असा की नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. त्या उन्हाळ्यात भावाचं वाक्य, आज हाय उद्या नाय, मला रात्री ऐकू यायचं आणि ते खरं वाटायचं. माझी नोकरी राहिली. यातलं मी गावाला काही कळवलं नाही. गावात आई सगळ्यांना 'पोरगा अमेरिकेत इंजिनिअर हाय' असंच सांगते. ती खोटं बोलत नाही, डिग्री तीच आहे. पण माझं रोजचं काम माझ्याच घरात कोणी उच्चारत नाही. इथे माझ्या बोलण्यावरून मी परका, आणि तिथे मी काय करतो ते सांगण्यासारखं नाही. त्या बायोडाट्यातला 'क्षमस्व' पुतण्याआधी मला लागला तो यामुळे.

गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा पुतण्यासोबत दिवसभर फिरलो. एका संत्र्याच्या बागेत शेतकरी चिडलेला. ठिबक बेकार निघालं, शेवटच्या झाडांना पाणीच नाही. पुतण्याने आधी फिल्टर उघडला, चकत्या बोटांनी सुट्या केल्या, त्यांत बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार दाटलेला. लॅटरलची (झाडांच्या ओळीतल्या नळ्यांची) शेवटची टोकं उघडून पाणी सोडलं, तर गढूळ पिचकारी निघाली. मग ॲसिड किती, पाण्यात कसं घालायचं, किती वेळ नळीत ठेवायचं, हे त्याने शेतकऱ्याकडून दोनदा वदवून घेतलं. काही विकलं नाही. निघताना त्या शेतकऱ्याने शेजाऱ्याचा नंबर दिला, त्याला पाच एकरांचं करायचं होतं.

पुतण्याच्या बायोडाट्यात आमच्या भावाने नोकरीपुढे 'खाजगी नोकरी' एवढंच लिहिलं होतं. ते खोडून 'ठिबक संचाची विक्री व देखभाल. दारव्हा, दिग्रस, नेर तालुके' असं लिहायला मी पुतण्याला सांगितलं आहे. काकाच्या रकान्यातही 'अमेरिकेत सेल्स मॅनेजर' असंच लिही म्हटलं. दिग्रसवाल्यांना हाच कागद परत पाठवायचा का, यावर भाऊ आणि मी अजून फोनवर भांडतो आहोत.